भिंतीआडची तार

धाराशिवाहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. लहानथोर मिळून घरांत अकरा माणसें आहेत. मामंजींच्या वेळेपासून वकिली आणि शिक्षकी या दोन व्यवसायांवर घर चालत आलें. धाकट्या दिरांचा मुलगा विजेच्या शाखेची पदविका घेऊन पुण्यास एका कंत्राटदाराकडे चार वर्षें नोकरी करीत होता. तो आतां घरीं परतला असून म्हणतो, "मी येथेंच विजेच्या कामांचा धंदा काढतों. गांवांतलीं घरें करीन, शेतांतल्या मोटारी बघेन, खेड्यांतल्या चार पोरांना हाताशीं घेऊन शिकवीन. सामाइक ठेवींतून मला सहा लाख रुपये द्या." थोरल्या भावजींना हें पसंत नाहीं. "शिकूनसवरून लोकांच्या भिंती फोडीत हिंडायचें काय? आणि ठेव बुडाली तर धाकटीच्या शिक्षणाचें कसें?" असें ते विचारतात. घरांत दोन तट पडले आहेत, पाडव्याच्या आंत निर्णय व्हावयाचा आहे, आणि त्या वेळीं आपलें मत विचारलें जाईल तेव्हां काय सांगावें, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तसा तो पुष्कळ घरांचा आहे. म्हणून उत्तर खासगी न पाठवितां येथेंच देत आहों. परंतु त्याआधीं आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. तींत आमचीच चूक अधिक आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं घरांतलें विजेचें काम नव्यानें करून घेतलें. करणाऱ्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. काम दिसावयास सुबक होतें. बिलांत अर्थिंगची रक्कम निराळी मांडलेली होती, ती आम्हीं बिनतक्रार दिली. पुढें एका पावसाळ्यांत भांडीं घासणाऱ्या बाई दोनदां म्हणाल्या, "नळाला हात लावला कीं मुंग्या येतात." आम्हीं हंसून म्हटलें, "पाय ओले असतील." तिसऱ्या वेळीं त्या मोरींतच कोसळल्या. दैव बलवत्तर, म्हणून प्राणावर बेतलें नाहीं. दुसरा कारागीर बोलावून बोर्ड उघडविला, तेव्हां असें दिसलें कीं, घरांतल्या प्रत्येक तीन खुंट्यांच्या प्लगापासून हिरवी तार भिंतींतून व्यवस्थित मेन बोर्डापर्यंत आलेली आहे, आणि तेथें तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तें टोक गिलाव्याआड सारून दिलें आहे. अंगणांत खड्डा नाहीं, नळी नाहीं, कांहीं नाहीं. सात वर्षें आम्ही त्या तारेच्या भरंवशावर निर्धास्त झोपत होतों. आणि मोलकरणीच्या जागीं घरांतलें कोणी असतें तर तिसऱ्या वेळेपर्यंत आम्हीं वाट पाहिली असती काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांतून गेलेला नाहीं.

हा अनुभव सांगण्याचें कारण असें कीं, विजेच्या कामाचें स्वरूप त्यांत सगळें आलें. सुताराचें काम डोळ्यांना दिसतें, शिंप्याचें अंगावर घालून पाहतां येतें. विजेच्या कामांतलें जें जीव वाचवितें तें नेमकें भिंतीआड आणि जमिनीखालीं असतें, आणि घेणाऱ्याला तें कळण्याचा मार्ग नसतो. दिवा लागला, पंखा फिरला, कीं काम चांगलें झालें असें आपण समजतों. वास्तविक अर्थिंग नसलें तरी दिवा तितकाच लख्ख लागतो.

फ्यूज किंवा एमसीबी असली म्हणजे माणूस सुरक्षित, अशीही एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. फ्यूज असतो तो तारा तापून जळूं नयेत म्हणून. ५ अँपिअरचा फ्यूज वितळण्यास ५,००० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. आणि माणसाच्या छातींतून तीस-चाळीस मिलिअँपिअर कांहीं क्षण वाहिले तरी हृदयाची लय बिघडण्याचें भय असतें. म्हणजे माणूस गेला तरी फ्यूज जागचा हलत नाहीं. याला उपाय दोन. एक अर्थिंग, यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरलीच तर तिला जमिनींत जाण्यास माणसाच्या देहाहून सोपी वाट करून द्यावयाची, म्हणजे प्रवाह एकदम वाढून फ्यूज तुटतो. दुसरा उपाय म्हणजे आरसीसीबी नांवाची कळ. ३० मिलिअँपिअरची कळ बसविली, तर तेवढी गळती होतांच ती एक तृतीयांश सेकंदाच्या आंत पुरवठा तोडते. या दोहोंना मिळून घराच्या एकंदर खर्चाच्या मानानें लागणारी रक्कम अगदींच थोडी असते. तरीही राष्ट्रीय गुन्हे-नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्यानें मृत्यु पावलेल्यांची संख्या अलीकडे दरसाल दहा हजारांच्या वर नोंदलेली आढळते.

आतां धाराशिवाकडे वळूं. हें शहर बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें. कोठें थोडें खणलें कीं काळा पाषाण लागतो. कोठें काळी माती, जी पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. अर्थिंगच्या नळीभोवतीं मीठ आणि कोळसा भरतात तो ओल धरून राहावी म्हणून. माती सुकून नळीपासून सुटली कीं विजेची ती वाट अडते. मराठवाड्याचा उन्हाळा आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या वैशाखांत घरोघरीं पत्र्याचे कूलर रात्रंदिवस चालतात आणि ओल्या हातांनीं त्यांत पाणी ओतलें जातें, त्याच वैशाखांत जमिनींतलें अर्थिंग सर्वांत दुबळें झालेलें असतें. म्हणून अशा मुलखांत अर्थिंग एकदां केलें आणि विसरलें असें चालत नाहीं. उन्हाळा तोंडावर आला कीं खड्ड्यांत पाणी घालावें लागतें, यंत्र लावून मोजावें लागतें. दूरच्या शहराहून आलेला कंत्राटदार बिल घेऊन जातो. तो चैत्रांत फिरून येत नाहीं. येणारा असेल तर तो गांवांतच राहणारा, ज्याची आई आपल्या घरीं हळदीकुंकवाला येते असा. पुतण्या "येथेंच" म्हणतो त्या शब्दाला आम्ही मोल देतों तें यासाठीं.

भिंतीच्या आंतला दोष किती महाग पडतो हें या जिल्ह्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति बोळवून लोक निजले असतां, किल्लारी-सास्तूरच्या टापूंत भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. जीं घरें पडलीं त्यांच्या भिंती हात-दोन हात जाड होत्या. पण दगड मातींत रचलेले, आणि भिंतीचें आंतलें व बाहेरचें अंग एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेकांत नव्हते. भिंत बाहेरून भक्कम दिसे, आंतून ती दोन सुट्या भिंतींची होती. त्यानंतर शासनानें घरांच्या दुरुस्तीची आणि मजबुतीची जी योजना काढली, तींत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानें शेकडों गांवांतल्या बायका पुढें आल्या. काम कसें व्हावयास पाहिजे हें त्या शिकल्या, आणि आपल्या गांवचें काम तसें होतें कीं नाहीं यावर त्यांनीं लक्ष ठेविलें. ज्यांना कोणी कधीं बांधकामांतलें विचारलें नव्हतें अशा या स्त्रिया होत्या. पुढें याच संस्थेच्या सख्या गांवोगांव बिनधुराच्या चुली आणि सौर दिवे विकूं लागल्या, विकलेल्या मालाची विचारपूस करूं लागल्या. या संस्थेच्या मराठवाड्यांतील शेतकरी स्त्रियांच्या कार्यास २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. गोपालनबाई २०२२ सालीं निवर्तल्या. त्या सख्यांचा धंदा चालला याचें मर्म आमच्या मतें हें कीं, दिवा विकणारीला दुसऱ्या दिवशीं त्याच पाणवठ्यावर घेणारीचें तोंड पाहावयाचें असे.

तेव्हां पुतण्याची कल्पना धाराशिवास परकी नाहीं. परंतु सद्भावनेवर धंदा चालत नाहीं, हेंही तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. आपल्याच महाराष्ट्रांत श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा दाखला आहे. १९७० च्या सुमारास ग्राहकांनीं आपली म्हणून ती उभी केली. वीज घाऊक विकत घ्यावी आणि सभासदांस द्यावी असा तिचा व्यवहार. हेतु उत्तम होता. परंतु घेण्याचा भाव आणि शेतीपंपांकडून येणारा पैसा यांचा मेळ बसेना, थकबाकी वाढत गेली, आणि २०११ सालीं त्या भागाचा पुरवठा महावितरणकडे गेला. "आपलाच माणूस आहे, देईल सवडीनें" हें वाक्य लहान धंद्यास फार घातक. उलट केरळांतील ऊरालुंगल येथील मजूर कंत्राटी संस्था १९२५ सालीं वाग्भटानंदांच्या अनुयायांनीं काढली, ती शंभर वर्षें टिकून आज मोठमोठे रस्ते आणि पूल बांधते. तेथें काम करणारेच संस्थेचे मालक असल्यामुळें कच्चें काम म्हणजे आपल्याच पोटावर पाय, हें प्रत्येकास समजतें. हिशेब चोख आणि माल सच्चा, हीं दोन्ही लागतात. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं.

आतां थोरल्या भावजींच्या पहिल्या आक्षेपाविषयीं. पांढरपेशा घरांत हाताला काजळी लागणें कमीपणाचें मानण्याची खोड जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईंत शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवास सायकलींच्या दुकानांत बसले तेव्हांही लोकांनीं नाकें मुरडलींच होतीं. लोखंडी नांगरानें जमीन नासते असें म्हणून शेतकऱ्यांनींही त्यांचे पहिले नांगर बराच काळ घेतले नाहींत. ते डगमगले नाहींत, आणि १९१० सालीं औंधच्या अधिपतींच्या आश्रयानें कुंडलच्या माळावर त्यांनीं कारखाना उभारला, हें सर्वांस ठाऊक आहे. आमच्या या मुलानें कारखाना काढावा असें नव्हे. परंतु भिंत फोडून तींत तार नीट बसविणें यास शिक्षण लागतें आणि अब्रूही लागते. वकिलीला लागते त्याहून कमी नव्हे. वकिलाची चूक वरच्या कोर्टांत सुधारतां येते.

अब्रूचा प्रश्न कोठें येतो तें आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें. आपल्याकडे विजेच्या जोडणीचें काम कोणीही उठून करावें असें नाहीं. घेणाऱ्यापाशीं राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा कंत्राटदाराचा परवाना हवा, देखरेख करणाऱ्यापाशीं पर्यवेक्षकाचें प्रमाणपत्र हवें, आणि प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्यापाशीं तारतंत्र्याचा परवाना हवा. १९५६ च्या विद्युत नियमांत ही अट होती. २००३ च्या कायद्याखालीं केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें २०१० सालीं आणि पुन्हां २०२३ सालीं केलेल्या सुरक्षा-नियमांतही ती आहे. काम पुरें झालें म्हणजे कंत्राटदारानें तारांचें इन्सुलेशन आणि अर्थिंग मोजावयाचें, चाचणी-अहवालावर सही करावयाची, आणि त्या सहीवर घराला वीज मिळावयाची, अशी योजना आहे. योजना उत्तम आहे. पण व्यवहारांत काय होतें? काम भलताच करतो, आणि परवानेवाला तें न बघतां कांहीं रुपये घेऊन अहवालावर सही देतो. यास कोणी लांच म्हणत नाहींत, "सहीचे पैसे" म्हणतात. आमच्या घराच्या कागदांवरही अशी एक सही आहे. न खणलेल्या खड्ड्याचें माप तींत आंकड्यांत लिहिलेलें आहे.

हा मोह या मुलापुढें पहिल्या वर्षींच येईल, आणि तो येईल धंदा मंद असतां, पगार द्यावयाचे असतां, ओळखीच्या माणसाच्या तोंडून. दहा घरें स्वतः करण्यास दोन महिने लागतात. दहा सह्या एका दुपारीं होतात. समाजाच्या उपयोगाचा धंदा म्हणजे देणग्या देणारा धंदा असें आम्ही समजत नाहीं. न पाहिलेल्या कामावर सही न देणारा एक कंत्राटदार तालुक्याच्या गांवीं असणें, हाच मोठा लोकोपयोग आहे. बाकीचें त्यामागून येतें.

बाकीचें म्हणजे काय, तेंही थोडक्यांत सांगतों. दर छापून दुकानांत भिंतीवर लावावे. वाड्यास एक भाव आणि झोपडीस दुसरा असें नसावें. काम झाल्यावर कोणती तार कोठून गेली याचा नकाशा काढून घरधन्यास, आणि विशेषतः घरधनिणीस, समजावून द्यावा. खिळा ठोकण्यापूर्वीं तो उपयोगी पडतो. दर चैत्रांत आपण केलेल्या घरांचें अर्थिंग मोजून यावें. वर्षांतून कांहीं दिवस अंगणवाड्या आणि शाळा यांचे बोर्ड विनामूल्य तपासावे. तेथें पाण्याच्या टाकीजवळ उघडी तार असली तर ओरडून सांगणारें कोणी नसतें. तालुक्याच्या आयटीआयमधून निघणाऱ्या मुलांना, आणि मुलींनाही, उमेदवारीवर घ्यावें, त्यांचा विमा उतरावा, रबरी हातमोजांवांचून कोणास शिडीवर चढूं देऊं नये. खेड्यांत डीपीवरचा फ्यूज गेला आणि लाईनमन वेळेवर आला नाहीं कीं शेतकरी स्वतःच काठी घेऊन जातो. अशा वेळीं कोणी कितीही गळ घातली तरी डीपीला हात लावूं नये आणि लावूं देऊं नये. तें काम महावितरणचें. तुळजापूरच्या नवरात्रांत आणि गणपतींत मंडपांचीं तात्पुरतीं कामें पुष्कळ निघतात, त्यांत पैसाही बरा असतो. पण पावसांत भिजणाऱ्या मंडपाला गळती तोडणाऱ्या कळेवांचून वीज देऊं नये. यजमान नको म्हणाले तर काम सोडावें.

नव्या कामांस तोटा नाहीं. शेतांत सौर पंप आले, आणि फेब्रुवारी १९२४ नव्हे तर शंभर वर्षांनंतरच्या फेब्रुवारींत, म्हणजे २०२४ सालीं, घरांच्या छपरांसाठीं केंद्राची सूर्यघर योजना निघाली. तींत ३ किलोवॅट व त्यापुढील संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरलें. सौर पत्र्यांचें एक विशेष लोकांस ठाऊक नसतें: मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोंवर पत्र्यांपासून येणाऱ्या तारांत वीज असतेच. बसवून निघून जाणारे पुष्कळ आहेत. पुढें पांच वर्षांनीं दार ठोठावलें असतां भेटणारा पाहिजे आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथें थोरल्या भावजींचें म्हणणें आम्हांस बरेंचसें मान्य आहे. धाकटीच्या शिक्षणाची रक्कम आधीं निराळी काढून ठेवावी. तिला कोणत्याही कारणानें हात लावूं नये. उरलेल्यांतून सहा लाख एकदम न देतां प्रथम दोन लाख द्यावे, आणि तेही दान नव्हे, कर्ज म्हणून, कागद करून. या धंद्यांत यंत्रें फार लागत नाहींत: इन्सुलेशन मोजणारा मेगर, अर्थ मोजणारें यंत्र, चांगल्या शिड्या, हत्यारें. काचेचें दुकान आणि झगझगीत पाटी यांवर पहिल्या वर्षीं खर्च करूं नये. भांडवल बुडतें तें उधारींत. माल घेण्यापुरती रक्कम आगाऊ घ्यावी, अर्धें काम झाल्यावर दुसरा हप्ता, आणि चाचणी दाखवून शेवटचा. सरकारी कामांचा मोह पहिलीं दोन वर्षें आवरावा. त्यांत अनामत अडकते आणि बिल कधीं निघेल याचा नेम नसतो. पुढें हाताखालचीं मुलें तयार झालीं म्हणजे त्यांना भागीदार करून सहकारी संस्था काढण्याचा विचार करावा. दर तीन महिन्यांनीं वही घरांत सर्वांसमोर ठेवावी. एकत्र कुटुंबाचा हा फायदा आहे. बँक वही वर्षांतून एकदां बघते, आजी रोज बघते.

तेव्हां पत्रलेखिका भगिनींस आमचें सांगणें असें: आपलें मत मुलाच्या बाजूनें द्यावें, पण त्याआधीं सर्वांदेखत त्याला दोन गोष्टी विचाराव्या. न पाहिलेल्या कामावर सही देणार नाहींस ना, ही एक. आणि रात्रीं दहा वाजतां खेड्यांतून निरोप आला तर उठणारा कोण, ही दुसरी. उत्तरें मनासारखीं आलीं तर त्याचें पहिलें काम आपणच त्याला द्यावें. घरांतला मेन बोर्ड उघडावयास सांगावें, थोरल्या भावजींनीं शेजारीं उभें राहावें, आणि ती हिरवी तार कोठवर जाते तें दोघांनीं मिळून पाहावें. काय आढळलें तें आम्हांस अवश्य कळवावें. तोंवर कामाला येणाऱ्या बाई नळाविषयीं कांहीं म्हणाल्या, तर त्यांचें पहिल्याच वेळीं ऐकावें.